आफ्रिकेतल्या गावाला हापसा देण्याआधी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कॉलेजच्या जुन्या मित्रमैत्रिणींनी मिळून मालावीतल्या एका गावासाठी पैसे जमवलेत. तिथली एक संस्था ‘लोकसहभागातून’ बोअर मारून हापसा बसवून देते, शिवाय गाव हागणदारीमुक्त करते असं म्हणते. हा लोकसहभाग खरा असतो का, ही कामं टिकतात का आणि पैसे नेमके कशावर घालावेत?

उत्तर आधी देतो, कारणं मागून. लोकसहभाग खोटा नसतो. गाव जागा ठरवतं, खड्डे खणतं, विटा भाजतं, वर्गणी काढतं, भांडणं मिटवतं, रोजची राखण करतं, आणि यातलं बरंचसं बाहेरच्या कुणाहीपेक्षा चांगलं करतं. पण चाळीस मीटर खोल गेलेला फुटका पाइप काढणं, सुट्या भागांचा साठा ठेवणं, पाणी तपासून घेणं ही गावाची कामं नव्हेत. ती गावाच्या गळ्यात घालून संस्था निघून गेली की काही वर्षांत हापसा बंद पडतो, आणि वर अहवालात लिहिलं जातं की लोकांना त्याबद्दल आपलेपणा वाटला नाही. तेव्हा पैसे नव्या बोअरवर न घालता आहेत त्या बोअर चालू ठेवण्यावर घाला, असं माझं स्पष्ट मत आहे.

मी सोलापूर-धाराशिवकडे हापसे दुरुस्तीच्या कामात सुरुवात केली आणि पुढे मालावी, केनिया, युगांडा इथे भूजलाचं काम केलं. त्यामुळे उत्तरात हापशाबद्दल जरा जास्त येईल, ते चालवून घ्या.

आधी प्रश्नाचा आवाका बघू. युनिसेफ आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०२२मध्ये दिलेल्या आकड्यांनुसार आफ्रिकेत ४१ कोटी ८० लाख लोकांना प्राथमिक दर्जाचंसुद्धा पिण्याचं पाणी मिळत नव्हतं. प्राथमिक म्हणजे बऱ्यापैकी सुरक्षित ठिकाणचं पाणी, तेही रांगेसकट अर्ध्या तासात जाऊन-येऊन. ७७ कोटी ९० लाख लोकांकडे धड शौचालय नव्हतं आणि त्यातले २० कोटी ८० लाख उघड्यावर जात होते. हे आकडे सगळेच सांगतात. देणगीच्या पत्रकात न येणारा आकडा वेगळा आहे. सहाराच्या दक्षिणेकडच्या वीस देशांची माहिती २००९मध्ये एकत्र केली तेव्हा साधारण दर तीन हापशांतला एक बंद निघाला. दहा वर्षांनी पुन्हा हिशेब मांडला तेव्हा चारांतला एक बंद होता. म्हणजे दात्यांनी फीत कापली, फोटो काढले, आणि एवढ्या सगळ्या गावांतल्या बायका पुन्हा डबक्यावर गेल्या.

गावानेच सगळं सांभाळायचं ही कल्पना आली कुठून? मालावीपुरतं बोलायचं तर १९६०च्या दशकाच्या अखेरीपासून मुलांजे डोंगराच्या पायथ्याशी गावकऱ्यांनी स्वतः चर खणून डोंगरातल्या झऱ्यांचं पाणी नळाने खाली आणलं. ना पंप, ना डिझेल, सगळं उताराच्या जोरावर. लिंडसे रॉबर्टसन या अभियंत्याने त्या योजना उभ्या केल्या आणि मैलोगणती चर लोकांनी अंगमेहनतीने काढले. त्याचं जगभर कौतुक झालं. पुढे १९८१ ते १९९० हे दशक संयुक्त राष्ट्रांनी पाणी आणि स्वच्छतेचं दशक म्हणून पाळलं. त्याच्या अखेरीस नवी दिल्लीत परिषद झाली, तिथे ‘व्यवस्थापन लोकांच्या हाती’ हे सूत्र ठरलं. सूत्र चांगलंच होतं. पण कर्जात बुडालेल्या सरकारांना ते सोयीचंही होतं, हे विसरू नका. देखभालीचा खर्च अंदाजपत्रकातून एका फटक्यात गावाच्या डोक्यावर गेला. मुलांजेच्या त्या नळयोजनासुद्धा पुढे लोकसंख्या वाढली, वरचं जंगल तुटलं, पाइप जुने झाले तशा रखडत गेल्या. चर खणणारी पिढी थकली आणि नव्या पाइपाचे पैसे गावाकडे कधीच नव्हते.

आता हापसा. यात महाराष्ट्राचा खराखुरा धागा आहे आणि तो आफ्रिकेत फार थोड्यांना ठाऊक असतो. १९६०च्या दशकात आपल्याकडे दुष्काळी भागात बोअर मारल्या जाऊ लागल्या तेव्हा वर बिडाचे पंप बसवत. ते मुळात एका कुटुंबासाठी बनलेले. अख्खं गाव दिवसभर हापसायला लागल्यावर ते मोडणारच. जालन्याच्या मिशनमधल्या लोकांनी पोलादी हापसा जोडला, सोलापुरात तो सुधारला, आणि त्यातूनच १९७०च्या दशकात युनिसेफच्या पाठबळावर ‘इंडिया मार्क टू’ तयार झाला. दांडा एकाच खिळीवर फिरतो, साखळीमुळे आतली सळई सरळ वरखाली होते, झीज कमी. हा पंप पुढे माली, बुर्किना फासो, झांबियापर्यंत गेला. युगांडात त्याच घडणीचा ‘यू टू’ आहे.

मार्क टूची गोम अशी की तळाच्या सिलिंडरमधलं वॉशर बदलायचं तर सगळे लोखंडी पाइप वर काढावे लागतात. तिवई लागते, पकडी लागतात, चार-पाच दणकट माणसं लागतात. आपल्याकडे पंचायत समितीची गाडी आणि पथक येई, उशिरा का होईना. आफ्रिकेतल्या जिल्हा कार्यालयात गाडी असली तर डिझेल नसतं. म्हणून १९८०च्या दशकात मालावी आणि केनियात, जागतिक बँक आणि संयुक्त राष्ट्रांचा विकास कार्यक्रम (यूएनडीपी) यांच्या प्रकल्पातून ‘आफ्रिडेव’ घडवला गेला. मुद्दाम असा की गावातल्या माणसाला तो उघडता यावा. पाइप प्लॅस्टिकचा आणि रुंद. त्यातून दट्ट्या आणि खालचा व्हॉल्व्ह थेट वर ओढून घेता येतो, पाइप जागचा हलवायचाच नाही. साधारण ४५ मीटर खोलीपर्यंत तो चालतो. मालावीत तुम्हाला जिकडेतिकडे हाच दिसेल.

त्याची दुरुस्ती बघण्यासारखी असते. दक्षिण मालावीतल्या एका गावात समितीतल्या बायकांनी माझ्यासमोर केली होती ती सांगतो. सकाळी पहिल्या बाईला पाणी यायला बरेच हापसे मारावे लागायला लागले, तेव्हाच त्यांनी ओळखलं की खालचा व्हॉल्व्ह रात्रभर गळतोय. ओट्यावर आधी चितेंगे पसरलं, म्हणजे त्या कमरेला गुंडाळतात ते रंगीत कापड; सळयांना वाळू लागू नये म्हणून. एका पान्याने झाकण आणि दांडा सुटला. मग तीन-तीन मीटरच्या सळया एकेक करून वर येत गेल्या. प्रत्येक जोडाचा आकडा सोडवून सळई कापडावर ओळीने, आली त्याच क्रमाने. शेवटी दट्ट्या आला, त्यावरचं रबरी सील एका बाजूने पार गुळगुळीत झालेलं. खालचा व्हॉल्व्ह सळईच्या टोकाला आकडा लावून गळाने मासा काढावा तसा ओढून घेतला. दोन नवीन रबरं, किरकोळ किमतीची. दुपारच्या आत पिवळे जेरिकॅन पुन्हा रांगेत. पुरुष मंडळी आंब्याखाली बसून सूचना देत होती, त्या कुणी ऐकत नव्हतं.

म्हणजे गावाला जमतं. मग हापसे बंद का पडतात? कारण गावाला जमतं ते रबर बदलणं. बोअरच मुळात वाईट मारली असेल तर कोणतीही समिती काय करणार?

आणि वाईट बोअर पुष्कळ असतात. अनेक ठिकाणी ‘पाणी नाही तर पैसे नाहीत’ अशा बोलीवर ठेकेदार नेमतात. ऐकायला न्याय्य वाटतं. प्रत्यक्षात बोअरवाला पहिलं पाणी लागलं की थांबतो. मालावीच्या बऱ्याच भागात जुना कठीण खडक आहे, पाणी त्याच्या वरच्या कुजक्या थरात, आपल्या भाषेत मुरमात. पावसाळ्याच्या शेवटी, एप्रिलमध्ये बोअर मारली तर उथळावरच भरपूर पाणी दिसतं. ऑक्टोबरमध्ये तीच बोअर खरखरते. भरीला जाळीचा पाइप चुकीच्या खोलीवर, भोवती खडी नीट भरलेली नाही, म्हणून वाळू आत येते आणि महिन्या-दोन महिन्यांत सील खाऊन टाकते. समिती वर्गणी काढून रबर बदलते, पुन्हा बदलते, मग कंटाळते. या गावाला ‘प्रशिक्षण कमी पडलं’ असा शेरा मिळालेला मी वाचलाय.

पाइपाचंही तसंच. आम्लधर्मी भूजलात गॅल्वनाइज्ड लोखंडी पाइप आतून सडतात. सकाळचं पहिलं पाणी तांबूस येतं, धुतलेल्या कपड्यांवर डाग पडतात, चहा काळा होतो. बायका म्हणतात हे पाणी नको, आणि अधिकारी म्हणतात लोकांना शुद्ध पाण्याचं महत्त्व कळत नाही. युगांडा सरकारने शेवटी हापशांसाठी असे पाइप वापरणं बंद करायला लावलं. यात आपलाही हिशेब आहे: आफ्रिकेत बसणारे कितीतरी हापसे आणि पाइप भारतात बनतात, आणि स्वस्तातला माल कुणाच्या कारखान्यातून जातो हे सांगायला नको.

पैशाकडे वळू, कारण समित्या बहुतेक तिथेच मोडतात. मालावीत हापशामागे साधारण दहा जणांची समिती असते, त्यात बायका निम्म्याहून जास्त असाव्यात असा दंडक. कागदावर घरटी दरमहा वर्गणी ठरते. आता विचार करा, मका एप्रिल-मेमध्ये निघतो. तेव्हा हातात पैसा असतो. जानेवारी ते मार्च हे भुकेचे महिने, घरात पीठ नाही. त्या दिवसांत दरमहाची वर्गणी मागणारी खजिनदारीण गावात तोंड दाखवू शकेल का? जिथे वर्गणी सुगीनंतर एकदाच घेतात, पैशात नाहीतर मक्यात, तिथे ती जमते. हे गावकऱ्यांनीच शोधलेलं शहाणपण आहे. नियमावलीत मात्र अजून ‘दरमहा’च छापलेलं असतं.

जमलेले पैसे नुसते ठेवणंही धोक्याचं. नोव्हेंबर २०२३मध्ये मालावीच्या रिझर्व्ह बँकेने क्वाचाची, म्हणजे तिथल्या चलनाची, किंमत एका दिवसात ४४ टक्क्यांनी उतरवली. डब्यात दोन वर्षं साठवलेल्या वर्गणीचं काय झालं असेल? सुटे भाग बाहेरून येतात, त्यांच्या किमती वाढल्या. डबा तेवढाच राहिला. आणि डबा भरलेला दिसला की गावात कुणाचं तरी मयत, कुणाची तरी शाळेची फी असतेच. याला चोरी म्हणणं मला जड जातं.

यावर चांगला निघालेला उपाय म्हणजे बचत गटाशी सांगड. आफ्रिकेतले असे गट नायजरमध्ये १९९१ साली केअर संस्थेने सुरू केले आणि खंडभर पसरले. तीन कुलपांची लोखंडी पेटी, तीन किल्ल्या तीन बायकांकडे, पेटी उघडणार ती सगळ्यांसमोर. पाण्याची वर्गणी या पेटीतून सभासदांना व्याजाने दिली जाते आणि वाढून परत येते. आपल्याकडच्या बचत गटातल्या कुठल्याही बाईला हे पाच मिनिटांत कळेल. आणखी एक गोष्ट बाहेरच्यांना जमत नाही ती गाव सहज करतं: कोणाला माफी द्यायची ते ठरवणं. एकटी म्हातारी, नातवंडं सांभाळणारी, तिने पैसे द्यायचे नाहीत, सकाळी ओटा झाडायचा. यासाठी कुणाला दारिद्र्यरेषेचा दाखला मागावा लागत नाही.

तरीही मोठी दुरुस्ती आली की पेटी अपुरी पडते. मग मागे कोणीतरी व्यावसायिक हवा, आणि त्याचं सगळ्यात चांगलं उदाहरण मला केनियातलं वाटतं. किटुई काउंटीतल्या क्युसो भागात ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या लोकांनी हापशांच्या दांड्यात मोबाइलचा छोटा ट्रान्समीटर बसवला. दांडा हलला की नोंद. हलायचा थांबला की मेकॅनिकला कळतं. त्याला जोडून पगारी दुरुस्ती पथक ठेवलं. आधी बिघडलेला हापसा सुरू व्हायला सरासरी २७ दिवस लागत, ते तीन दिवसांच्या आत आलं. पुढे त्यातूनच ‘फंडीफिक्स’ ही स्थानिक कंपनी उभी राहिली. स्वाहिलीत फुंडी म्हणजे कारागीर. गाव दरमहा ठरावीक रक्कम देतं आणि दुरुस्तीची हमी मिळते. मात्र गावांच्या पैशातून सगळा खर्च निघत नाही, उरलेला भाग वेगळ्या निधीतून भरावा लागतो. मला यात काही गैर वाटत नाही. पुण्याच्या नळाचं पाणी तरी कुठे पूर्ण खर्च वसूल करून मिळतं?

सरकारंही हळूहळू याच बाजूला सरकताहेत. टांझानियाने २०१९मध्ये कायदा करून ग्रामीण पाणीपुरवठ्यासाठी ‘रुवासा’ ही स्वतंत्र संस्था काढली आणि गावसमित्या तिच्या देखरेखीखाली आणल्या. सेनेगलमध्ये १९९०च्या दशकात गावोगावच्या पाणी-वापर संघटनांनी मीटर लावून मोजून पाणी विकायला सुरुवात केली होती, आणि ते बरं चाललंही. नंतर सरकारने मोठ्या भागाची व्यवस्था खासगी कंपन्यांकडे दिली तेव्हा काही गावांनी आमची चालू योजना का काढून घेता म्हणून विरोध केला. म्हणजे एकच साचा सगळीकडे बसत नाही.

पाण्याच्या गुणवत्तेबद्दल थोडक्यात. पश्चिम केनियात झरे सिमेंटने बांधून बंदिस्त केले तेव्हा झऱ्यावरच्या पाण्यातले विष्ठेचे जंतू ६६ टक्क्यांनी घटले, पण घरातल्या भांड्यात तेवढी घट दिसली नाही. जेरिकॅन, हात आणि ओगराळं यांनी मधल्या मधे घाण केली. म्हणून पाणी भरतो तिथेच क्लोरीनची टाकी ठेवायची, जेरिकॅनमागे एकदा खिट्टी फिरवायची, ही युक्ती मला पटते. स्वस्त आहे आणि टाकी भरायला गावातलीच व्यक्ती असते. क्षार आणि फ्लोराइड हा मात्र गावाच्या हातातला विषयच नाही. मालावीत खालच्या शिरे खोऱ्यात, चिक्वावाकडे, बोअरचं पाणी खारट लागतं आणि लोक शेजारी हापसा असताना नदीवर जातात. इथिओपिया, केनिया, टांझानियाच्या खचदरीत फ्लोराइडने दात आणि हाडं जातात. बोअर मारली की पाणी प्रयोगशाळेत तपासलं का, हा प्रश्न तुमच्या संस्थेला विचारायलाच हवा.

आता हागणदारीमुक्तीचं. यामागची पद्धत बांगलादेशातली. १९९९-२०००च्या सुमारास राजशाहीकडच्या मोसमोइल गावात कमल कर या भारतीय सल्लागारांनी ती बसवली आणि पुढे ती आफ्रिकेच्या मोठ्या भागात पोहोचली. झांबियात २००७मध्ये चोमा जिल्ह्यातून सुरुवात झाली. बाहेरून एक पैसा अनुदान नाही. गावकऱ्यांना एकत्र करून मोकळ्या जागेत राख-भुश्शाने गावाचा नकाशा काढायचा, कोण कुठे बसतं तिथे पिवळी पूड टाकायची. मग प्रत्यक्ष त्या जागी सगळ्यांनी चालत जायचं आणि नाकाला पदर न लावता उभं राहायचं. पाण्याचा ग्लास पुढे करायचा, लोक पितात. मग एक केस विष्ठेला लावून त्याच पाण्यात बुडवायचा आणि विचारायचं, आता पिणार? कोणी पीत नाही. माशीला पाय किती, सहा. केसापेक्षा जास्त घाण ती आणते. त्यानंतर हे सगळं घडवून आणणाऱ्या सूत्रधाराने गप्प राहायचं. बोलायचं ते गावाने.

गावाचा मान ठेवून केलं तर याचा परिणाम जबरदस्त होतो. चोमा जिल्ह्यात चीफ माचा यांनी स्वतः पुढे होऊन गावोगाव खड्डे खणवून घेतले. मुखियाचं तिथलं वजन आपल्या सरपंचाच्या कितीतरी पट असतं. त्याच्या घरामागे शौचालय नसेल तर बाकीचं सगळं व्यर्थ. इथिओपियात १९९०मध्ये ९२ टक्के लोक उघड्यावर जात, २०१५पर्यंत ते प्रमाण २९ टक्क्यांवर आलं. तिथे या पद्धतीबरोबरच सरकारने गावोगाव पगारी आरोग्य सेविका नेमल्या होत्या, ते श्रेय मी त्यांनाही देतो.

पण शरम हे हत्यार आहे, आणि हत्यार गावातल्या दांडग्यांच्या हातात गेलं की गरिबावर चालतं. पोरांना शिट्ट्या देऊन मागे सोडणं, दंड, धान्य अडवणं, हे प्रकार आफ्रिकेतही झाले. आपल्याकडची ‘गुड मॉर्निंग पथकं’ आठवा. जिच्या घरात खणायला माणूस नाही त्या विधवेला शिट्टी वाजवून काय मिळणार? चांगलं गाव आधी तिचा खड्डा खणून देतं. सूत्रधार कसा आहे हे मी यावरूनच ओळखतो: तो विचारतो का की कोणाला मदत लागेल?

टिकण्याबद्दल. इथिओपिया, केनिया, सिएरा लिओन आणि युगांडा इथल्या हागणदारीमुक्त जाहीर झालेल्या गावांची पाहणी झाली तेव्हा ८७ टक्के घरांत शौचालय अजून वापरात होतं. हे चांगलंच. मात्र घोषणेच्या वेळचे सगळे निकष लावले, म्हणजे भोकावर झाकण, हात धुवायला पाणी आणि साबण, तर ९२ टक्के घरं कुठे ना कुठे नापास झाली. सगळ्यात आधी साबण गेला. मालीतल्या १२१ गावांच्या चाचणीत जिथे कार्यक्रम झाला तिथे ६५ टक्के घरांत स्वतःचं शौचालय होतं, जिथे झाला नाही तिथे ३५ टक्के. मुलांचे जुलाब कमी झाले नाहीत, उंची मात्र थोडी जास्त भरली. झिम्बाब्वे आणि केनियातल्या मोठ्या चाचण्यांत तर साधी शौचालयं, साबण आणि क्लोरीन देऊन ना मुलांची वाढ सुधारली, ना जुलाब घटले. याचा अर्थ ते निरुपयोगी असा मी लावत नाही. अंगणात कोंबड्या-शेळ्या आहेत, रांगतं मूल मातीत बसलंय, शेजाऱ्याकडे अजून उघडा खड्डा आहे. अशा घरात खड्ड्याच्या शौचालयाने जंतू थोडे कमी होतात, पुरेसे होत नाहीत. बाईला अंधाराची वाट बघावी लागत नाही, हा फायदा या चाचण्यांत मोजलेला नसतो.

आणि तुमच्या संस्थेसाठी एक खास प्रश्न. मालावीत उघड्यावर जाणारे लोक आधीच फार थोडे आहेत. बहुतेक घरामागे कसला ना कसला खड्डा असतोच. मग ‘हागणदारीमुक्त करू’ म्हणजे काय करणार? तिथला खरा त्रास खड्डे ढासळण्याचा आहे. वर लाकडाचे ओंडके आणि माती, ओंडके वाळवीने खाल्लेले, जानेवारीच्या पावसात सगळं आत. मार्च २०२३मध्ये फ्रेडी वादळाने दक्षिणेकडे अशी असंख्य शौचालयं वाहून नेली, तीही देशात कॉलऱ्याची मोठी साथ चालू असताना. त्या साथीत १,७०० हून जास्त माणसं गेली. इथे अनुदान न देण्याचा हट्ट मला पटत नाही. खड्डा घरच्यांनी खणावा, पण तोंड विटांनी बांधायला गवंडी आणि वर सिमेंटची घुमटाकार लादी यासाठी मदत करा. ही लादी शेजारच्या मोझांबिकमध्ये १९७०च्या दशकाच्या अखेरीस घडवली गेली, तिला सळई लागत नाही, आणि खड्डा भरला की उचलून पुढच्या खड्ड्यावर नेता येते. गावातली दोन पोरं लादी ओतायला शिकली तर तो त्यांचा धंदाही होतो.

गाव स्वतःहून काय करतं हे बघायचं असेल तर केनियातल्या माचाकोस, किटुईकडे जा. पावसाळ्यापुरत्या वाहणाऱ्या वाळूच्या नद्यांवर लोक पक्की भिंत बांधतात. पुरात भिंतीमागे वाळू साठते आणि तिच्या पोटात पाणी राहतं, ना बाष्प होऊन उडतं, ना डास होतात. कांबा लोकांत म्वेथ्या नावाचे श्रमदानाचे गट पूर्वापार आहेत, जवळपास इर्जिकच; जोशुआ मुकुस्या यांनी १९७८पासून त्या गटांच्याच बळावर हे बंधारे उभे केले. दगड-वाळू वाहण्यात बायका पुढे. जागा निवडायला मात्र जाणकार लागतोच, नाहीतर भिंतीमागे वाळूऐवजी गाळ बसतो.

दुसरं उदाहरण नारूचं, म्हणजे पिण्याच्या पाण्यातून अंगात शिरून पुढे बहुधा पायातून बाहेर येणाऱ्या जंताचं. आपल्याकडे पायऱ्यांच्या विहिरींतून होणारा नारू आठवणारी पिढी अजून आहे. भारत त्यातून सुटल्याचं २०००मध्ये अधिकृतपणे जाहीर झालं. १९८६मध्ये जगभरात अंदाजे ३५ लाख रोगी होते, बहुतेक आफ्रिकेत. लस नाही, औषध नाही. गावातला स्वयंसेवक, पाणी गाळायचं कापड, रोग्याला पाण्यात उतरू न देणं, आणि एकही केस दिसली की लगेच खबर. आता वर्षाला मोजकेच रोगी सापडतात. घानातला शेवटचा रोगी २०१०चा. यात गावाने गावाचं काम केलं, आणि कापड, पाण्यातले कीटक मारणारं रसायन, नोंदी, देखरेख हे मागे उभ्या असलेल्या यंत्रणेने केलं, तेही वर्षानुवर्षं, मध्ये न सोडता.

तर तुमच्या पैशांचं असं करा. नव्या बोअरला साधारण आठ ते बारा हजार डॉलर जातात. तेवढ्यात आजूबाजूच्या गावांतले बरेच बंद हापसे सुरू होऊ शकतात, तेव्हा आधी त्यांची पाहणी करायला सांगा. त्या भागातला दुरुस्ती करणारा मेकॅनिक कोण, तो सायकलवर किती लांबून येतो, रबर आणि सळई कोणत्या दुकानात मिळते, हे संस्थेला तोंडपाठ असलं पाहिजे. मागच्या पाच वर्षांत बसवलेल्या हापशांची यादी मागा आणि आज त्यातले किती चालू आहेत ते विचारा. नवी बोअर खरोखरच लागणार असेल तर ती सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मारा, बोअरवाल्याच्या पगारावर नसलेला भूजलतज्ज्ञ जागेवर उभा ठेवा, पाण्याच्या तपासणीचा आणि बोअरच्या नोंदीचा कागद समितीच्या हातात द्या. सगळी रक्कम एकदम देऊ नका. एक भाग तुमच्याकडेच रुपयांत ठेवा आणि हापसे चालू असल्याचं बघून पाच वर्षं थोडी थोडी पाठवा. आणि जिल्ह्याच्या पाणी कार्यालयाला कळवल्याशिवाय काहीच सुरू करू देऊ नका. त्यांच्या नोंदवहीत नसलेल्या हापशासाठी पुढे कुणीही येत नाही.